मोठं कॉलेज, छोटं कॉलेज आणि बास्केटबॉल लीगचं फिक्स्चर: भांडणं कमी होतील असं कसं लावायचं

पाऊस संपत आला की कोणीतरी हमखास मेसेज टाकतं, ताई तुमच्या लीगची एक्सेल शीट पाठवा ना, आम्हालाही कॉलेजांची लीग लावायचीय. शीट पाठवायला माझी काहीच हरकत नाही पण तिचा उपयोग शून्य, कारण शीटमध्ये मॅचेस दिसतात, त्या मॅचला पोचताना कोणाची किती वाट लागली ते दिसत नाही. म्हणून ठाणे-नवी मुंबईच्या आठ-नऊ कॉलेजांच्या लीगचं फिक्स्चर, म्हणजे मॅचेसचं वेळापत्रक, मी कसं लावते ते इथे लिहून टाकतेय, माझ्या चुकांसकट.

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच वर्षी झाली. ८ टीम, प्रत्येकी ७ मॅचेस, सगळ्यांना सारख्या, मला वाटलं झालं फेअर. ठाण्यात घोडबंदर साइडच्या एका मोठ्या कॉलेजकडे इनडोअर कोर्ट, लाइट, चेंजिंग रूम सगळं होतं, त्यामुळे सोयीचं म्हणून निम्म्या मॅचेस तिकडेच टाकल्या. नवी मुंबईत घणसोलीच्या एका छोट्या कॉलेजच्या ७ पैकी ४ तिकडे गेल्या, आणि त्या टीममध्ये मुळात पोरं आठच, स्वतःचं कोर्ट नाही, संध्याकाळी मैदानावर लाइट असेपर्यंत प्रॅक्टिस. तिसऱ्या रविवारी त्यांची मॅच साडेअकराची आणि त्याच दिवशी ट्रान्स हार्बरला, म्हणजे ठाणे-नवी मुंबई लोकलच्या लाइनला, मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद). मी बघितलंच नव्हतं. पोरं बसने ऐरोली, तिथून शेअर रिक्षा, मग ठाणे स्टेशन, मग परत घोडबंदरची बस असं करत आली, पावणेबारापर्यंत कोर्टवर फक्त चार जण. फिबाचा, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेचा, नियम स्पष्ट आहे, ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांत पाच जण उभे राहिले नाहीत तर मॅच गेली, स्कोअर २०-०. रेफरींनी काहीच चुकीचं केलं नाही. कॅप्टनने पाठीवरची बॅग न काढताच स्कोअरशीटवर सही केली आणि मला विचारलं, ताई पुढची मॅच पण इथेच ना, मग कितीची ट्रेन पकडू? उरलेली चार पोरं त्यानंतर दहा मिनिटांनी आली.

तर तेव्हापासून मी मॅचेस मोजायच्या आधी त्रास मोजते.

त्रासाची वही

खरंच एक वही करा, शीट चालेल पण वही बरी, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उघडून ठेवता येते. प्रत्येक कॉलेजला एक पान. प्रत्येक मॅचसाठी त्या टीमला काय सोसावं लागतंय त्याचे पॉइंट लिहायचे. माझे असे आहेत, तुम्ही तुमचे ठरवा: समोरच्या टीमच्या स्वतःच्या कोर्टवर खेळणं २, कॉलेजपासून कोर्टपर्यंत तासाच्या वर प्रवास १, त्यात दोनदा गाडी बदलायची असेल तर आणखी १, सकाळी आठचा स्लॉट १ (तो लोकल टीमला नाही, लांबून येणाऱ्यालाच), आदल्या दिवशी मॅच झालेली असेल तर २. रविवारी अकरा ते चारच्या मध्ये ट्रेनने येणं मी मेगाब्लॉक जाहीर व्हायच्या आधीच १ धरते.

मग बेरीज. माझा नियम एवढाच की सीझनच्या शेवटी सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी त्रासवाल्या टीममध्ये ४ पेक्षा जास्त फरक नको. पहिल्या वर्षाचं फिक्स्चर मी नंतर या वहीत टाकून बघितलं तर घणसोलीवाल्यांचे २३ आले आणि मोठ्या कॉलेजचे ६. आणि मी त्याला फेअर म्हणत होते.

वहीचा दुसरा फायदा असा की भांडण माणसांशी होत नाही, आकड्यांशी होतं. मोठ्या कॉलेजचे सर म्हणाले, "अहो मॅडम, आम्ही एवढं कोर्ट देतो, तरी आम्हीच वाईट?" तुम्ही वाईट नाही सर, तुमचे ६ आहेत, पान बघा.

अमेरिकेत पैसे देऊन मिटवतात

हा प्रॉब्लेम फक्त आपला नाही. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलच्या वरच्या डिव्हिजनमध्ये साडेतीनशेच्या वर टीम आहेत आणि त्यातल्या मोठ्या टीम सीझनच्या सुरुवातीला छोट्यांना आपल्या घरी बोलवून खेळतात, परत त्यांच्या घरी जात नाहीत. त्याबदल्यात छोट्या कॉलेजला रोख रक्कम मिळते, त्याला गॅरंटी गेम म्हणतात. छोट्या कॉलेजच्या स्पोर्ट्स खात्याचा बराच खर्च अशा मॅचेसवर निघतो, म्हणजे पोरं मार खायला जातात आणि त्या पैशात बाकीच्या टीमचा प्रवास आणि किट निघतं, असा सरळ व्यवहार. कधीकधी मात्र डाव उलटतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंटकी तेव्हा देशात पहिल्या नंबरवर, त्यांनी इव्हान्सव्हिलला ९० हजार डॉलर देऊन बोलावलं आणि स्वतःच्या घरात ६७-६४ ने हरले. दोनच आठवड्यांनी ड्यूकने ८५ हजार देऊन स्टीफन एफ. ऑस्टिनला बोलावलं, ओव्हरटाइममध्ये ८५-८३ ने हरले, आणि आपल्या कॉन्फरन्सबाहेरच्या (म्हणजे आपल्या लीगबाहेरच्या) टीमविरुद्ध घरच्या मैदानावर लागोपाठ १५० मॅचेस जिंकल्या होत्या ती मालिका तिथेच तुटली. पैसे देऊन हरले, बोला!

मोठे छोट्यांच्या घरी का जात नाहीत ते साधं आहे, जिंकलात तर कोणी शाबासकी देत नाही आणि हरलात तर वर्षभर ऐकावं लागतं. आपल्याकडेही तेच चालतं, फक्त कारण वेगळं सांगतात, "तुमच्या सिमेंटच्या कोर्टवर आमच्या पोरांचे गुडघे जातील." गुडघे जातात हे खरं आहे, पण छोट्या कॉलेजची पोरं वर्षभर त्याच सिमेंटवर खेळतात, त्यांचे गुडघे काय वेगळ्या कंपनीचे आहेत?

यातून आपण दोन गोष्टी उचलायच्या. पहिली, जो घरी बोलावतो तो पाहुण्यांचा खर्च करतो. डॉलर नकोत हो, बारा जणांचं येण्याजाण्याचं भाडं, आल्यावर पाणी, मॅचनंतर वडापाव-चहा, आणि बॅग ठेवायला कुलूप लागणारी खोली. हे फिक्स्चरच्या कागदावरच छापा, तोंडी ठरवलं की जिमखान्याचा क्लार्क म्हणतो व्हाउचर नाही. दुसरी म्हणजे येण्याजाण्याचा करार. तिकडे बरोबरीच्या टीम एक वर्ष तुमच्याकडे एक वर्ष आमच्याकडे असा करार करतात, आणि मोठा-छोटा असेल तर दोनदा मोठ्याकडे, एकदा छोट्याकडे. आपल्याकडे लीगमध्ये प्रत्येक जोडीची वर्षाला एकच मॅच होते, म्हणून यंदा कोण कोणाकडे गेलं ते वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी उलटं करा. हे न लिहिल्यामुळे एका टीमला मी तीन वर्षं लागोपाठ एकाच ठिकाणी पाठवलं, कोणाच्याच लक्षात नाही, त्यांच्याही नाही.

ज्यांना कोर्टच नाही त्यांचं होम काय?

हा प्रश्न प्रत्येक मीटिंगमध्ये येतो. माझ्या ८ टीममध्ये दोघांकडे कोर्ट नाही. त्यांची होम मॅच म्हणजे त्यांच्या जवळचं तिसरं कोर्ट, भाडं लीगच्या एन्ट्री फीमधून. ते नाहीच मिळालं आणि समोरच्यांच्या कोर्टवर खेळावं लागलं, तर निदान होमचा हक्क द्या: तीनपैकी एक वेळ त्यांनी निवडायची, बेंचची बाजू त्यांनी निवडायची, बॉल त्यांनी निवडायचा. बॉल फालतू गोष्ट वाटते पण नाहीये. वर्षभर रबरी बॉलने सिमेंटवर खेळणाऱ्या पोराच्या हातात इनडोअरचा मऊ बॉल आला की पहिला क्वार्टर पास सुटण्यातच जातो. मॅचच्या आधी वीस मिनिटं तरी त्या कोर्टवर त्यांना वॉर्मअप मिळालाच पाहिजे, "आमच्या पोरांचं शूटिंग चालू आहे, पाच मिनिटं थांबा" हे चालवून घेऊ नका.

टेबलवर कोण बसणार तेही ठरवा. स्कोअर आणि घड्याळ दोन्ही होम कॉलेजच्या पोरांकडे असेल तर शेवटच्या मिनिटाला घड्याळ कधी सुरू झालं यावर वाद ठरलेला. एक माणूस पाहुण्यांचा, बस्स.

आता खरं फिक्स्चर, चिठ्ठ्या घेऊन

८ टीम म्हणजे २८ मॅचेस, ७ राउंड. टेबलवर चिठ्ठ्या मांडा, वरच्या ओळीत १ २ ३ ४, त्याखाली ८ ७ ६ ५. वरचा खालच्याशी खेळतो. मग १ नंबरची चिठ्ठी हलवायची नाही, बाकीच्या सगळ्या घड्याळाच्या काट्यासारख्या एक घर सरकवायच्या, म्हणजे वर १ ८ २ ३, खाली ७ ६ ५ ४. असं सहा वेळा सरकवलं की सात राउंड होतात. टीम विषम असतील तर एक कोरी चिठ्ठी टाका, ती ज्याच्यासमोर येईल त्याला बाय, म्हणजे त्या राउंडला सुट्टी, ९ टीममध्ये ९ राउंड आणि ३६ मॅचेस होतात. बाय कोणाला कधी ते नशिबावर सोडू नका, ज्यांची इंटरनल परीक्षा त्या आठवड्यात आहे त्यांना तो द्या.

इथपर्यंत सगळ्यांना येतं. यापुढचं मला फार उशिरा कळलं. या पद्धतीत एक साखळी लपलेली असते. कागदावर सातही राउंड लिहून बघा: ८ शी खेळलेली टीम पुढच्या राउंडला ६ शी खेळते, ६ नंतर ४, ४ नंतर २, २ नंतर ७, ७ नंतर ५, ५ नंतर ३, आणि ३ नंतर परत ८. जवळजवळ प्रत्येक वेळी, फक्त मध्ये १ आला तर साखळी तुटते. म्हणजे समजा ८ नंबरवर धटिंगण टीम आहे जी पोरांना चोपून, दमवून पाठवते, तर ६ नंबरवाल्यांना सीझनभर दमलेल्या टीम आयत्या मिळतात. शनिवार-रविवार लागोपाठ मॅचेस असतील तर हा फरक मोठा आहे, एक टीम फुकटात दोन मॅचेस जास्त जिंकून जाते आणि कोणाला कळतही नाही का. आठवड्याला एकच मॅच असेल तर सोडून द्या, तोपर्यंत पोरं ताजी होतात.

उपाय सोपा आहे. सगळ्यात तगड्या टीमला १ नंबर द्या, म्हणजे न हलणारी चिठ्ठी, कारण १ शी खेळून आलेली दमलेली टीम प्रत्येक वेळी वेगळ्याच्या वाट्याला जाते. दुसरी मोठी टीम ८ वर ठेवली तर ६ वर छोटी टीम ठेवा, तिसरी मोठी २ वर तर ७ वर छोटी. जो फायदा होणारच आहे तो निदान ज्याला गरज आहे त्याला जाऊ दे. आणि दोन मोठ्या टीम साखळीत शेजारीशेजारी, म्हणजे ८ आणि ६ किंवा ४ आणि २ अशा कधीच ठेवू नका, नाहीतर छोट्या टीमला शनिवारी एक पहाड आणि रविवारी दुसरा. पूर्वी आम्ही चिठ्ठ्या उचलून नंबर द्यायचो, सगळ्यांना ते निःपक्ष वाटायचं. वाटायचं फक्त.

होम-अवेचं, म्हणजे घरी-बाहेरचं, पण सांगते. ७ मॅचेस म्हणजे कोणाला ४ होम कोणाला ३, चौघांना ४ देता येतात, ते छोट्यांना द्या. एक आड एक होम-अवे सगळ्यांचं येत नाही म्हणून डोकं आपटू नका, येणारच नाही. कारण बघा, एक आड एक म्हणजे दोनच पॅटर्न, होमने सुरू किंवा अवेने सुरू, आणि एकच पॅटर्न असलेल्या दोन टीम एकमेकांशी खेळूच शकत नाहीत, दोघी एकाच दिवशी घरी असतात. त्यामुळे ८ टीममध्ये किमान ६ वेळा कोणाला तरी लागोपाठ दोन होम किंवा लागोपाठ दोन अवे येणारच. फक्त बघा की लागोपाठ दोन अवे छोट्या टीमच्या वाट्याला जाऊ नयेत, आणि तीन लागोपाठ कोणालाच नकोत.

तारखा: पहिलं काम, मी शेवटी सांगतेय

प्रत्यक्षात हे सगळ्यात आधी करायचं. प्रत्येक कॉलेजकडून लेखी तारखा मागवा: इंटरनल, सेमिस्टर, प्रॅक्टिकल, व्हायवा, केटीचे (राहिलेल्या विषयांचे) पेपर. इंजिनिअरिंगवाल्यांचं आणि कॉमर्सवाल्यांचं कॅलेंडर जुळतच नाही. मोठ्या कॉलेजकडे बेंचवर पंधरा जण, त्यातले चार सबमिशनला बसले तरी चालतं, आठ जणांच्या टीममधून तीन गेले की पाचच उरतात आणि एकाला पाच फाऊल लागले की चौघांनी मॅच संपवायची. म्हणून परीक्षेच्या आठवड्याची पहिली पसंती कमी पोरं असलेल्या टीमला द्या, हे मोठ्यांना पटवायला वेळ लागतो पण पटतं.

उघड्या कोर्टवर सप्टेंबर संपेपर्यंत काही ठेवू नका, शेवाळलेल्या सिमेंटवर घोटा मुरगळतो. नवरात्रीत मैदान गरब्याला दिलेलं आहे का ते आधी विचारा, एकदा आम्ही सगळे बॉल घेऊन पोचलो तर कोर्टच्या मधोमध स्टेजच्या बल्ल्या. डिसेंबर-जानेवारीत कॉलेज फेस्ट. दोन रविवार रिकामे ठेवा, राखीव, त्यांना हात लावायचा नाही.

ट्रेनचं म्हणाल तर ठाणे ते नवी मुंबई अशा मॅचेस शक्यतो शनिवारी दुपारी. रविवारीच ठेवावी लागली तर सकाळी साडेनऊची ठेवा म्हणजे पोरं ब्लॉकच्या आधी ठाण्याला ९-१० नंबर प्लॅटफॉर्मला उतरलेली असतात, किंवा सरळ संध्याकाळी पाच. आणि वॉकओव्हरचा (टीम वेळेत आली नाही तर मॅच गेली) नियम लिहून बदला. फिबाची १५ मिनिटं ठीक आहेत, पण लोकल लीगमध्ये आम्ही पाहुण्या टीमसाठी ४५ करतो, अट एकच, कॅप्टनने ठरलेल्या वेळेच्या आधी ग्रुपवर प्लॅटफॉर्मवरून मेसेज टाकलेला पाहिजे. घरच्या टीमला १५ च.

नंबर लावताना कोण कुठे जिंकलं ते धरा

टीम बारा-चौदा झाल्या की सगळ्यांशी सगळे खेळू शकत नाहीत, मग लीग-कम-नॉकआऊट (आधी गटांत लीग, मग हरला तो बाहेर) होतं आणि नॉकआऊटमध्ये कोण कुठल्या नंबरवर जाणार यावरून राडा. इथे टीमची क्रमवारी लावायची अमेरिकेची जुनी पद्धत, आरपीआय (रेटिंग पर्सेंटेज इंडेक्स), कामाला येते. १९८१ पासून २०१८ पर्यंत कॉलेजांच्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी ती वापरायचे, स्वतःच्या जिंकण्याला २५ टक्के, समोरच्या टीमच्या जिंकण्याला ५० टक्के, आणि त्या टीम ज्यांच्याशी खेळल्या त्यांच्या जिंकण्याला २५ टक्के. नंतर त्यात सुधारणा झाली की घरची जीत ०.६ धरायची आणि बाहेरची १.४, हरलात तर उलटं, घरी हरलं तर १.४ आणि बाहेर हरलं तर ०.६.

पूर्ण आरपीआय आपल्याला नको, नुसतं हे घर-बाहेर घ्या. एक टीम ६ पैकी ५ जिंकली, सहाही मॅचेस घरी. तिच्या जीती ३.०, हार १.४, म्हणजे ४.४ पैकी ३, साधारण ०.६८. दुसरी ६ पैकी ४ जिंकली, सहाही मॅचेस बाहेर. जीती ५.६, हारी १.२, म्हणजे ६.८ पैकी ५.६, साधारण ०.८२. चार जिंकलेली वर. मीटिंगमध्ये हे पहिल्यांदा फळ्यावर लिहिलं तेव्हा दोन मिनिटं कोणी बोललं नाही आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

आता तिकडे आरपीआयच्या जागी एनईटी नावाची रँकिंग आहे, तिच्यातही हाच विचार: घरी पहिल्या ३० मधल्या टीमला हरवलं तर ते सगळ्यात वरच्या दर्जाच्या जीतीत धरतात, बाहेर जाऊन पहिल्या ७५ मधल्या कोणालाही हरवलं तरी तोच दर्जा. ऐकायला छान. पण मोठे छोट्यांशी खेळायलाच तयार नसतील तर छोट्यांना तसा चान्स मिळणार कुठून? २०२४ मध्ये इंडियाना स्टेट २८ जिंकून ६ हरलेली, एनईटीत पहिल्या ३० मध्ये, तरी ६८ टीमच्या स्पर्धेत घेतलं नाही. म्हणून गट पाडताना मोठ्या टीम एकाच गटात कोंबून "छोट्यांची मजा छोट्यांत" करू नका, प्रत्येक छोट्या टीमला निदान दोन मोठ्यांशी मॅच हवीच, त्यातली एक मोठ्याच्या कोर्टबाहेर.

टाय झाला तर फिबाचा क्रम ठेवा, आधी आपापसातली मॅच, मग आपापसातल्या मॅचेसमधला पॉइंटचा फरक, मग त्या मॅचेसमध्ये केलेले पॉइंट, त्यानंतर सगळ्या मॅचेसचा फरक. फक्त त्या शेवटच्या फरकाला आम्ही २० ची मर्यादा घालतो. नाहीतर मोठी टीम ७० ने पुढे असताना पण चौथ्या क्वार्टरला पहिली पाच पोरं कोर्टवर ठेवते, बेंचवरच्यांना खेळू देत नाही, दोन्ही बाजूंचं नुकसान.

हे सगळं झालं की कच्चं फिक्स्चर त्रासाच्या वहीच्या फोटोसकट ग्रुपवर टाका आणि हरकतींना तीन दिवस द्या. हरकत फक्त वहीतल्या कॉलमवर घ्यायची, "आमच्या सरांना रविवार नको" ही हरकत नाही. चौथ्या दिवशी पक्कं, मग फक्त राखीव रविवारीच बदल. आणि कागद छापून प्रत्येक जिमखान्याच्या दारावर लावा, प्रवासखर्चाची ओळ ठळक करून, कारण व्हॉट्सॲपवरचं क्लार्क मानत नाही.